कॉलबुक

गड्ड्याची यात्रा उठल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी
लोको शेडचं फाटक सगळ्यांसाठी उघडलं होतं.
एरवी आम्हा पोरांना हाकलून देणारा वॉचमन
हातात गुलाबदाणी घेऊन उभा,
स्वतःच अवघडलेला.

आत तीन इंजिनं.
दोन मोठी, आणि एक बार्शी लाइनीवरची छोटी,
कुर्डुवाडीहून ट्रकवर बसून आलेली.
जन्मभर जिनं माणसं ओढली, ती
दोरखंडांनी बांधून, डांबरी रस्त्यानं.

काळा रंग इतका ताजा
की भावाच्या शर्टाला लागून घरी आला
आणि रॉकेलनं घासूनही गेला नाही.
चाकांचे आरे लाल.
"लाल?" आप्पा म्हणाले, "आमच्यात लाल कधी नव्हतं."

पोरं रांगेनं फूटप्लेटवर चढत होती.
रिटायर ड्रायव्हर इस्त्रीच्या कोटात
सांगत होते, किती कोळसा, किती पाणी,
दौंडकडची रात्र, वाडीकडची रात्र.

आप्पांना कुणी काही विचारलं नाही.
आप्पांनी इंजिन चालवलं नव्हतं,
कोळसाही टाकला नव्हता.
आप्पा कॉलमन.
म्हणजे सायकल, कंदील, बगलेत कॉलबुक
आणि ज्याची पाळी त्याचं दार.
रामवाडी, मोदी, रेल्वे लाइन्स.
कुठलं कुत्रं कुठल्या वळणावर मागे लागतं,
कुठल्या घरी बाळंतीण आहे म्हणून
दार नाही, खिडकी वाजवायची,
कोण एका हाकेत उठतो,
कोण सही करून पुन्हा झोपतो,
हे सगळं त्यांच्या पायांत होतं.
त्यांनी उठवलेली माणसं कुठं कुठं जाऊन आली.
आप्पा मोदीच्या पुढे गेले नाहीत.

मोठ्या इंजिनाच्या कॅबमध्ये मुनाफ शेख.
ऐंशीच्या घरातले, एक कान गेलेला.
ऊन लागून म्हणा, गर्दीला कंटाळून म्हणा,
मान छातीवर टाकून चक्क झोपलेले.
पोरं हसत होती.
एक साहेब म्हणाला, राहू द्या, म्हातारे आहेत.

आप्पा दोराखालून वाकून आत गेले.
कॅबच्या पत्र्यावर
बोटातल्या अंगठीनं ठोकलं.
दोनदा. थांबून एकदा.
"मुनाफभाई, दोन पंचवीसची माल."

मुनाफ शेखांनी डोळे न उघडता
उजवा हात पुढे केला,
पेनासाठी.

मला वाटलं, लोक टाळ्या वाजवतील.
कुणाला काही कळलंच नाही.
नेमकी तेव्हाच पलीकडच्या इंजिनाची शिट्टी झाली,
वाफेवर नाही, कॉम्प्रेसरच्या हवेवर,
पाणी घातलेल्या ताकासारखी,
आणि सगळे तिकडे पळाले.

"किती लेट आहे?" मुनाफभाईंनी विचारलं.
आप्पा म्हणाले, "पाणी भरतायत. बसा निवांत."

आई सरबताच्या टेबलाशी थांबली होती.
इंजिनाजवळ आलीच नाही.
"त्यात काय बघायचंय," म्हणाली,
"वीस वर्षं ऐकलंय की."

आता बोलावणं मोबाइलवर येतं म्हणे.
शेवटचं एक कॉलबुक माझ्याकडे राहिलंय.
पानोपानी गाडी, वेळ, सही.
झोपेत केलेल्या सह्या,
ओळ सोडून खाली घसरत गेलेल्या.
मुनाफभाईंची तर नुसती एक रेघ.
परवा ते चाळताना मनात आलं,
आणि हे त्या दिवशी शेडमध्ये
इतक्या माणसांत कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही:
कॉलमनला कोण उठवत होतं?

आमच्याकडे गजराचं घड्याळ नव्हतं.
बाराची पाळी असली की साडेअकराला, अंधारात,
आम्ही जागे होऊ नये इतक्या हळू
आई तिच्या माहेरच्या कानडीत म्हणायची,
एळ्रि.
उठा.

मग सायकलची चेन वाजायची.
कंदील कोपऱ्यावर वळला
की ती कडी लावायची,
तीही आवाज न करता.